एकाच कोंबावर जगणारी झाडे

कोलकात्याला फिरायला गेलेली मंडळी हावड्याचे वनस्पती उद्यान पाहायला जातात, ती बहुधा एका वडासाठी. अडीचशेहून अधिक वर्षांचा हा वड म्हणजे एक छोटेसे अरण्यच आहे. हजारो पारंब्या जमिनीत उतरून त्यांची खोडे झाली आहेत आणि गंमत म्हणजे या खोडांच्या गर्दीत मूळ खोड कुठेच नाही. एकोणिसाव्या शतकातील वादळांनी ते जखमी झाले, जखमेत बुरशी शिरली आणि अखेर १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. वडाने त्याची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. तो पसरतोच आहे.

वडासमोर फोटो काढून, झालमुडीचे पुडे रिकामे करून मंडळी परत फिरतात. पण थोडी पायपीट करण्याची तयारी असेल तर याच बागेत वडाच्या अगदी उलट स्वभावाचे एक कुळ भेटते. ताड, माड, शिंदी, सुपारी आणि त्यांची देशोदेशीची भावंडे. शंभराहून अधिक जातींचे ताडमाड इथे आहेत. वडाचे खोड गेले तरी वड राहतो, माडाचा मात्र शेंडा गेला की सगळे संपले. या झाडांचा जीव खोडाच्या टोकाला, पानांच्या वेढ्यात दडलेल्या एकाच कोंबात असतो. घरात, गच्चीवर, अंगणात पाम लावणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट समजून घेतली तर निम्मी झाडे वाचतील असे मला वाटते.

हावडा स्टेशनपासून बाग आठएक किलोमीटरवर, हुगळीच्या काठी शिबपूरला आहे. २००९ पासून तिचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान असे झाले, पण बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी ती ‘बी गार्डन’च. ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये ती वसवली. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मेली होती. त्या आठवणीने किडने कंपनीला जो प्रस्ताव पाठवला, त्यात मलायातून सागोचे पाम आणि इराणातून खजूर आणून लावावे, म्हणजे दुष्काळात लोकांना आधार होईल, असे सुचवले होते. म्हणजे या बागेच्या कल्पनेतच ताडमाड होते. हा सागोचा पाम म्हणजे मूळचा साबुदाण्याचा पाम. त्याच्या खोडातला पिठूळ गर काढून साबुदाणा करीत. आपण एकादशीला खातो तो साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो आणि त्याचा मोठा भाग तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. त्याचा पामशी संबंध आता नावापुरता उरला आहे.

न भरणारी जखम

आम्ही गेलो ते जानेवारीत. कोलकात्यात नोलेन गुडाचे दिवस होते. आपल्याकडे जिला शिंदी म्हणतात, त्याच झाडाच्या रसाचा हा गूळ. आपल्याकडे शिंदीची आठवण निघते ती नीरेवरून किंवा ताडीवरून, बंगालमध्ये मात्र थंडीतला तिचा गूळ आणि त्याचे संदेश म्हणजे घरोघरचा सोहळा. रस काढण्यासाठी शेंड्याखालच्या खोडाला काप देतात. एका वर्षी एका बाजूला, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी, पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. त्या खाचा मोजून किती हंगाम रस काढला ते सांगता येते, कारण त्या कधीच बुजत नाहीत.

आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या खोडाला जखम झाली तर सालीखालचा जिवंत थर हळूहळू ती झाकतो. पामच्या खोडात असा थर नसतोच. रस वाहणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, म्हणून काही तुटल्या तरी बाकीच्यांवर काम चालते. पण खोडाला ठोकलेला खिळा, तारेचा काच, कुऱ्हाडीचा घाव जन्मभर तसाच राहतो आणि त्यातून कीड आणि बुरशीला वाट मिळते. दिवाळीत किंवा लग्नात दिव्यांच्या माळा लावायला पामच्या खोडात सर्रास खिळे मारले जातात, ते पाहून म्हणूनच जीव हळहळतो.

ज्यांचे नाव या बागेला आहे, त्या जगदीशचंद्र बोसांचाही एका शिंदीशी संबंध आला होता. आज बांगलादेशात असलेल्या फरिदपूर गावात एक कललेले झाड होते. संध्याकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते जणू नमस्कारासाठी खाली वाकायचे आणि सकाळी पुन्हा उठायचे. लोक दर्शनाला येत, नवस बोलत. बोसांनी झाडाला आपले यंत्र जोडून त्याच्या हालचालीचा आलेख काढला आणि झाड तापमानाप्रमाणे हलते असे दाखवून दिले. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे सारे आले आहे. नवस बोलणाऱ्यांची थोडी निराशा झाली असेल, पण निर्जीव वासा वाटणारे हे खोड दिवसरात्र हलत असते, ही गोष्ट मला चमत्काराहून कमी वाटत नाही.

शंभर वर्षांनी आलेले फूल

बागेतला सर्वांत नाजूक पाहुणा होता दर्यायी नारळ. जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात हे नाव अजून ऐकू येते. फकिरांच्या हातातले काळेभोर, होडीच्या आकाराचे भिक्षापात्र याच्याच करवंटीचे. हिंदी महासागरातून वाहत येणारी ही जुळी फळे कुठल्या झाडाची, हे शतकानुशतके कुणाला ठाऊक नव्हते. समुद्राच्या तळाशीच ते झाड असणार, अशी समजूत होती. ते निघाले सेशेल्स बेटांवरचे. त्याचे बी जगातले सर्वांत मोठे बी आहे.

त्याचे झाड १८९४ मध्ये शिबपूरला लावले गेले. देशातले ते असे एकमेव झाड. जवळजवळ शतकभराने ते फुलले, तेव्हा कळले की ते मादी आहे. नर झाड भारतात नाही. मग २००६ मध्ये श्रीलंकेतून पराग आणून हाताने परागण करून पाहिले, ते साधले नाही. २०१३ मध्ये थायलंडहून आणलेल्या परागांनी यश आले आणि फळे धरली. एवढ्या उस्तवारीनंतर २०१८ च्या सुमारास बातमी आली की झाड मरणपंथाला लागले आहे. पानांवर बुरशी होती, नवे पान निघणे थांबले होते, जुनी पिवळी पडत होती. शास्त्रज्ञ औषधे फवारून झगडत होते. पिवळी पाने ही पामच्या बाबतीत काळजीची गोष्ट असते, पण नवे पान न येणे ही त्याहून कितीतरी गंभीर.

हे मला समजले ते वहिनीच्या सुपारीमुळे. दादाची बदली कोलकात्याला झाल्यावर वहिनीने सावंतवाडीहून, आपल्या माहेरच्या वाडीतून सुपारीचे एक रोप आणले होते. वडिलांनी स्वतः काढून दिलेले. ते पुढे गेले, त्यामुळे गच्चीवरच्या अर्ध्या पिंपातली ती सुपारी केवळ झाड राहिली नव्हती. चार वर्षांत ती डोक्याएवढी झाली. त्या पावसाळ्यानंतर मात्र तिची मधली पाने तपकिरी पडू लागली. वहिनी खाली पडणाऱ्या प्रत्येक झावळीगणिक खत आणि पाणी वाढवत होती.

बागेत एका वयस्क माळ्याला तिने हे सांगितले. त्याने एकच विचारले, ‘‘दीदी, मधले मिटलेले पान ओढून पाहिले का?’’ घरी येऊन तिने ते धरले मात्र, अलगद हातात आले. त्याचा बुडखा कुजलेला होता आणि वास नकोसा होता. ‘‘वन्सं, हे तर आतूनच गेलंय,’’ एवढेच ती म्हणाली.

कोकणातल्या बागायतदाराला हा रोग नवा नाही. कोंब कुजणे, असेच त्याला म्हणतात. पावसाळी ओलाव्यात वाढणारी बुरशी शेंड्यात शिरते आणि कोंबच खाते. लवकर लक्षात आले तर उपाय आहे. कुजलेला भाग धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत साफ कापून काढायचा, तिथे बोर्डो पेस्ट लावायची आणि नवे पान निघेपर्यंत प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून पाऊस आत जाऊ द्यायचा नाही. माड आणि सुपारी असे वाचल्याची उदाहरणे आहेत. वहिनीने सगळे केले, दोन महिने वाट पाहिली. कोंब पूर्ण गेला होता. झाड वाचले नाही.

तेव्हा पाम आजारी वाटला तर पहिल्यांदा मधल्या सुरळीकडे पाहा. ती घट्ट आणि हिरवी असेल तर बाकीचे बरेचसे दुरुस्त होते. खालची पाने पिवळी पडली म्हणून ती लगेच छाटू नका. पालाशची कमतरता असली की पाम जुन्या पानांतून ते काढून नव्यांना पुरवतो. पिवळे पान कापले की त्याची शिदोरीच हिरावली जाते आणि मग वरचे पान पिवळे पडू लागते. पान पूर्ण वाळेपर्यंत राहू द्यावे. टोके तपकिरी होतात ती बहुधा कोरड्या हवेने, क्षारयुक्त पाण्याने किंवा खताच्या अतिरेकाने. आमच्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये तर हे ठरलेले. कुंडी भिंतीच्या झळांपासून हलवावी, महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन साचलेले क्षार खालून वाहून जाऊ द्यावे आणि एरवी वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये. मुंबईच्या दमट बाल्कनीत पाम मरतात ते उलट कारणाने, कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्याने. कुंडी बदलताना खोड पूर्वीपेक्षा खोल गाडू नये आणि मुळांचा गड्डा फोडू नये.

दुकानात ‘अरेका पाम’ म्हणून मिळतो तो सुपारी नव्हे, हेही इथेच सांगून टाकते. तो मादागास्करचा, बुंध्यातून अनेक खोडे फुटणारा पाम. त्याचे एक खोड कुजले तर कापून टाकता येते, बाकीची जगतात. नवशिक्यांनी घरात तोच लावावा. सुपारी, माड, बाटलीच्या आकाराचा बॉटल पाम यांना एकच खोड आणि एकच कोंब, तिथे दुसरी संधी नाही.

सायकसची वीथी

बागेतली मला सर्वांत चटका लावणारी जागा आता अस्तित्वातच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे सायकसच्या झाडांची एक वीथी होती. प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ मध्ये इथे आला, तेव्हा ती तोडली गेलेली पाहून त्याने अतिशय हळहळ व्यक्त केली. त्याच्या मते उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही बागेत तिला तोड नव्हती. ती तोडली विल्यम ग्रिफिथने. अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच रजेवर असताना १८४२ ते १८४४ या काळात बाग ग्रिफिथच्या हाती होती आणि त्याला ती शास्त्रीय पद्धतीने नव्याने मांडायची होती. साग, महोगनी, लवंग, जायफळ यांचीही तीच गत झाली. हा माणूस अडाणी नव्हता. १८४५ मध्ये चौतिसाव्या वर्षी तो मलाक्का येथे वारला आणि मरणानंतर १८५० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा भारतातील ताडमाडांवरचा ग्रंथ पुढे अनेक वर्षे अभ्यासकांना उपयोगी पडला. जाणकाराच्या हातूनही बागेचे असे नुकसान होते. नंतर १८६४ आणि १८६७ च्या वादळांनी उरलीसुरली शेकडो झाडे पाडली आणि २० मे २०२० च्या अम्फान वादळाने पुन्हा तेच केले.

सायकसला लोक ‘सागो पाम’ म्हणतात, पण तो पाम नाही. पामचे कुळ गवताच्या आणि केळीच्या बाजूचे, फुले येणारे. सायकसला फूलच येत नाही. त्याचे नाते चीड-देवदारांशी, बिया उघड्या असणाऱ्यांशी. डायनासोर येण्याच्या आधीपासून हे कुळ पृथ्वीवर आहे. नर आणि मादी झाडे वेगळी. आणि आजारपणात त्याचा स्वभावही पामहून वेगळा. पामला शेंडा गमावून चालत नाही, सायकस मात्र सगळी पाने गळून नुसता लाकडी अननस उरला तरी जिवंत असू शकतो. बुंध्याला तो छोटे गड्डे धरतो, त्यांतून नवे झाड होते.

वहिनीच्या गच्चीवरचा सायकस तर जिन्याखाली कचऱ्याच्या ढिगाशेजारी जाऊन पडला होता. पाने जळालेली, कुंडीत चिखल. बागेतून आल्यावर तिने तो उचलून अंगठ्याने दाबून पाहिला. खोड दगडासारखे घट्ट. बस, एवढे पुरते. खोड दाबल्यावर मऊ लागले, पाणी सुटले तर आत कूज आहे. घट्ट असेल तर सर्व पाने कापावी, कुजलेली मुळे पांढऱ्या निरोगी भागापर्यंत छाटावी, कापलेल्या जागी गंधकाची भुकटी किंवा बुरशीनाशक लावून आठदहा दिवस सावलीत कोरडे ठेवावे. मग निम्मी जाड वाळू असलेल्या मातीत, अर्धे खोड वर राहील असे लावावे. पाणी अगदी बेताने. यानंतर महिनोन्‌महिने काहीच घडत नाही. याच काळात बहुतेक लोक धीर सोडतात आणि कुंडी रिकामी करतात.

घरात लहान मुले किंवा कुत्रा असेल तर मात्र सायकस त्यांच्या आवाक्यात ठेवू नये. त्याचे सगळे भाग, विशेषतः लालभडक बिया, विषारी असतात.

हिरव्यागार जंगलात सायकस पाहायचा असेल तर पश्चिम घाटात त्याची एक जात आढळते. तिरुपतीला जाणाऱ्यांनी तिरुमलाच्या डोंगरउतारांकडेही जरा निरखून पाहावे. आंध्रातल्या या डोंगररांगांशिवाय इतरत्र कुठेच न सापडणारी एक जात तिथे आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. उन्हाळ्यात तिथले गवत पेटते, सायकसची पाने होरपळतात आणि खोडातून पुन्हा नवी पाने फुटतात.

फुलले की संपले

काही पाम वाचवता येतच नाहीत. आपल्या कोकणातला भेरली माड एकदा फुलोरे टाकू लागला की वरून खाली फुलत येतो आणि शेवटी मरतो. मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात ते बजरबट्टू ज्या झाडाचे, तो प्रचंड पानांचा ताडही आयुष्यात एकदाच फुलतो. त्याचाच एक बंगाली चुलतभाऊ आहे. ताली. शिबपूरचा नामवंत अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग याने त्याची शास्त्राला ओळख करून दिली. शांतिनिकेतनजवळच्या एका गावात त्याचे रानटी झाड १९७९ मध्ये उभे होते. शेंड्यावर अचानक आलेला शिंगांसारखा फुलोरा पाहून गावकरी घाबरले आणि त्यांनी ते तोडले, असे सांगितले जाते. आता ही जात रानातून नाहीशी झालेली आहे. ढाका विद्यापीठाच्या आवारात एक झाड उरले होते. ते २००८ मध्ये फुलले. या वेळी लोकांना ठाऊक होते काय घडते आहे ते. बिया गोळा करून रोपे केली गेली.

वहिनीनेही तेच केले. सावंतवाडीला भावाला फोन करून तिने वडिलांच्या वाडीतल्या त्याच झाडाची पिकलेली बेडी मागवली, सालीसकट. वाळूच्या कुंडीत देठाकडची बाजू वर ठेवून ती लावली आणि सावलीत ठेवली. सहापैकी चार रुजली. त्यांना ती अजून जपूनच पाणी घालते, शेंड्यात पडू न देता, कडेकडेने.

आणि सायकस? मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या माथ्यावर भुरी लव दिसू लागली आणि बघता बघता बारा पाने एकदम वर आली. कोवळी, गुंडाळलेली, नेच्यासारखी. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन. पाने कुरतडली जात होती आणि कुंडीत मुंग्यांची रांग लागली होती. हे काम एका इवल्या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांचे. ते सायकसच्या नेमक्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते आणि अळ्यांच्या अंगचा गोड द्रव चाटायला मुंग्या त्यांच्या राखणीला येतात. औषध मारायची गरज नव्हती. पाने कडक होईपर्यंत दोन-तीन आठवडे रोज सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने अळ्या झाडायच्या आणि झाडावर मच्छरदाणीचा तुकडा टाकायचा. तिने तसे केले. तीन पाने गेली, नऊ राहिली.